२०१२च्या पीसीला ८ जीबी रॅम: आधी फसले, मग लॅमिंग्टन रोडला बरोबर मिळाली

बाबांचा पीसी २०१२चा, असेंबल केलेला. इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅम २+२ म्हणजे ४ जीबी. सोसायटीचे हिशोब, मेल आणि क्रोमचे सात-आठ टॅब एवढंच त्यांचं काम, पण वर्षभर झालं, एक्सेल चालू ठेवून बँकेची साइट उघडली की मशीन गपगार पडायचं, हार्डडिस्कचा दिवा नुसता पेटलेला आणि बाबा माउस धरून बसलेले. टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ९१ टक्के. दादा म्हणाला नवीनच घ्या, बाबा म्हणाले अजून चालतोय की. मला बाबांचंच पटलं, चांगलं चालणारं मशीन ४ जीबीसाठी भंगारात का द्यायचं?

आधी माझं काय चुकलं ते सांगते, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. ऑनलाइन रॅमची एक ८ जीबी डीडीआर३ १६०० स्टिक दिसली (डीडीआर३ हा रॅमचा प्रकार, १६०० हा वेग), बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्म्या किमतीत. मी डीडीआर३ एवढंच बघितलं आणि मागवली. बसली व्यवस्थित, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून लागल्या, पण पॉवर दिली की पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. काढली, खोडरबरने सोनेरी पट्टी घासली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तरी तेच. जुन्या स्टिक परत लावल्या तर पीसी लगेच चालू. मग त्या पेजवर खाली खाली जाऊन वाचलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, फक्त एएमडी बोर्डसाठी, आणि आमचा तर इंटेलचा. परत घ्यायला विक्रेत्याने आठवडाभर मेल-मेल खेळवलं.

हे का होतं ते मला मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटर पार्टच्या बाजारातल्या एका दुकानात कळलं. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत. गाळा छोटासा पण काउंटरवरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, बोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला?" किंमत नंतर. मी सीपीयू-झेड या पीसीचे पार्ट दाखवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचे फोटो काढून नेले होते, मेनबोर्डचं पान आणि एसपीडीचं, म्हणजे रॅमच्या माहितीचं पान, ते बघून ते खूश झाले. मग ती माझी स्टिक हातात घेऊन म्हणाले, यातल्या चिपा एक्स४ वाल्या आहेत, म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ४ बिट देते, इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर एक्स८ आणि एक्स१६ चिपाच ओळखतो, त्यामुळे ही तुमच्याकडे कधीच चालणार नाही, कितीही घासा. एका स्टिकमध्ये ८ जीबी हवी असेल तर लेबलवर २आरएक्स८ लिहिलेलं बघायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा. एकाच बाजूला आठ चिपांमध्ये ८ जीबी बसवलेली असेल तर आमच्या पिढीच्या प्रोसेसरवर तीही चालत नाही. आणि सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, दिसायला डीडीआर३च असते पण साध्या बोर्डवर चालू होत नाही. ही सगळी माहिती त्यांनी समोर तीन स्टिक मांडून दाखवली, माझ्याकडून तोवर एक रुपयाही घेतलेला नव्हता.

शेवटी घेतल्या किंग्स्टनच्या ४ जीबीच्या दोन, कोड केव्हीआर१६एन११एस८/४. १६ म्हणजे १६००, एन म्हणजे साधी नॉन-ईसीसी (चुका दुरुस्त करायची सोय नसलेली), ११ म्हणजे सीएल ११, रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचा आकडा. आमच्या बोर्डला स्लॉट दोनच, त्यामुळे जुन्या दोन्ही काढायला लागल्या. ८ची एक लावून शेजारी जुनी २ ठेवली असती तर १० जीबी झाली असती, मी तेच विचारलं, पण काका म्हणाले ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही ना, मग सारखी जोडीच घ्या, पूर्ण ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. १६०० असूनही आमच्याकडे ती १३३३वरच चालते, कारण हा प्रोसेसर त्याच्या वर जातच नाही, त्यामुळे १८६६ वगैरेसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

अजून एक, जायच्या आधी विंडोज ६४ बिट आहे का बघा. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही.

घरी लावून रॅम तपासणारी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवली, एकही एरर नाही. आता तीच एक्सेल, तेच टॅब उघडून मेमरी ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि बँकेची साइट उघडताना मशीन अडकत नाही. चालू व्हायला मात्र पूर्वीएवढाच वेळ लागतो, तो हार्डडिस्कचा दोष आहे, त्याला हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडीच पाहिजे, रॅमकडून ती अपेक्षा ठेवू नका. आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे येत नाही, म्हणून मी १६ जीबीवर जास्त खर्च केला नाही.

रॅमला पाचपैकी पाच. दुकानालाही पाच, गर्दीत उभं राहायला लागतं आणि बसायला जागा नाही तरीही, कारण माझ्यासमोर त्यांनी दोन्ही स्टिक त्यांच्या टेस्टिंगच्या बोर्डवर चालवून दाखवल्या आणि मग पावतीवर दोन्हींचे सिरियल नंबर लिहून दिले. बाबांनी ती पावती हिशोबाच्या फाइलला लावली आणि तेच नंबर कॅबिनेटच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवलेत.