पावले मोजणारा बँड आणि माझे अठरा हजार रुपये

पुण्यातील तळजाई टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या आठ-दहा बायकांच्या गटात २०२४ च्या जानेवारीत एकीने मनगटावरचा हिरवा बँड दाखवला आणि आपण चालतो त्याचे आता पैसे मिळणार असल्याचे सांगितले. त्याच रविवारी एका मंगल कार्यालयात या बँडचा कार्यक्रम होता. मी सहकारी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली असून व्याजाचे हिशेब तोंडी करण्याची मला सवय आहे. तरीही मी त्या कार्यक्रमाला गेले आणि फसले. ते कसे घडले, हे निवृत्तीनंतर हाती थोडे पैसे आणि बराच वेळ असलेल्या माझ्यासारख्यांसाठी लिहीत आहे.

बोलणारा तरुण नम्र होता आणि त्याचे निम्मे बोलणे खरे होते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना काढली, हे खरे आहे, आणि त्याने राजपत्राचे ते पान पडद्यावर दाखवलेही. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, हेही खरे. मात्र त्या योजनेचा मुख्य रोख सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या मोठ्या उद्योगांवर आहे, आणि क्रेडिट मिळवायचे तर नोंदणी झालेला प्रकल्प, ठरलेली मोजणीपद्धत आणि त्रयस्थ संस्थेची पडताळणी लागते, हे त्याने गाळले. त्याऐवजी तो म्हणाला की, बँडमधील चिप मनगटाच्या हालचालीतून वीज तयार करते, तुम्ही किती प्रदूषण टाळले ते मोजते आणि दहा हजार पावलांना एक ‘हरित गुण’ देते. शंभर गुणांचे एक क्रेडिट होणार होते आणि कंपनी ते दीड हजार रुपयांना विकत घेणार होती. बँडची किंमत ७,९०० रुपये होती. आपल्या ओळखीने कोणी बँड घेतला, तर त्या किमतीचे दहा टक्केही आपल्याला मिळणार होते. खरे तर हे शेवटचे वाक्य ऐकल्यावरच मी उठायला हवे होते.

वीज तयार करणारा तो बँड दर तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या प्लगला लावावा लागत असे, आणि ही गोष्ट मला चार महिने खटकली नाही.

पहिल्या महिन्याचे ४३५ रुपये ठरल्या दिवशी खात्यात जमा झाले. त्या पैशांपेक्षाही ॲपवर रोज रात्री उगवणाऱ्या लहानशा झाडाचा मला मोह पडला होता, हे कबूल करते. नातवंडांच्या पिढीसाठी आपणही काही करतो आहोत, असे वाटत असे. त्या भरात मी यजमानांसाठी दुसरा बँड घेतला, विहीणबाईंना एक घ्यायला लावला आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनाही सुचवले. त्यांनी भिशीचे पैसे उचलून तो घेतला. दुसऱ्या महिन्यात मला २,४५० रुपये मिळाले. त्यातले १,५८० रुपये माझ्या चालण्याचे नसून विहीणबाई आणि ताई यांच्या खिशातून आलेले होते, हा हिशेब मी त्या दिवशी मांडला नाही.

एप्रिलमध्ये ॲपने पैसे काढणे बंद केले आणि ‘पडताळणी शुल्क’ म्हणून २,९९९ रुपये मागितले. मी ते भरले. मे महिन्यात ॲप उघडेना, त्या तरुणाचा फोन बंद झाला आणि व्हॉट्सॲप गटात आम्हाला संदेश टाकता येईना. बाणेरमधील कार्यालयाच्या पत्त्यावर गेले, तेव्हा ती जागा महिन्याच्या भाड्याने मिळणारी टेबले-खुर्च्यांची सामायिक जागा निघाली आणि त्यांचे टेबल रिकामे होते.

त्यानंतर मी कागद घेऊन बसले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणारी स्कूटर धरली, तर किलोमीटरमागे साधारण ५० ग्रॅम होतात. दहा हजार पावले म्हणजे अंदाजे सात किलोमीटर, म्हणजे ३५० ग्रॅम. यातले प्रत्येक पाऊल मी स्कूटर घरी ठेवून टाकले असे मानले, तरी एक टन भरायला पावणेआठ वर्षांच्या आसपास लागतात, आणि ॲप मात्र शंभर दिवसांत एक क्रेडिट देणार होते. शिवाय मी तळजाईच्या पायथ्यापर्यंत रोज स्कूटरनेच जात होते! बागेत किंवा टेकडीवर घातलेल्या फेऱ्यांमुळे कोणतेही वाहन थांबत नाही, आणि हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला हा फरक कळण्याचा काही मार्ग नाही. सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांतून स्कूटरवर जातानाही त्या बँडने माझी दोन-अडीचशे पावले मोजली होती, म्हणजे पेट्रोल जाळत असताना मला हरित गुण मिळत होते.

आम्हाला प्रमाणपत्रेही मिळाली होती. खऱ्या क्रेडिटला नोंदवहीत स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि ते वापरले गेले की तशी नोंद होते, म्हणजे तेच क्रेडिट पुन्हा विकता येत नाही. माझ्या आणि विहीणबाईंच्या प्रमाणपत्रांवर नावे वेगळी होती आणि अनुक्रमांक एकच होता. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो गाद्या विकणाऱ्या एका दुकानाचा निघाला. हे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत. पुढे तापकीर गल्लीतील एका दुकानदाराने तसाच बँड काचेखालून काढून समोर ठेवला आणि साडेचारशे रुपये सांगितले. फक्त हिरवा रंग नव्हता.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण माझ्या शेवटच्या व्यवहाराला तोवर एकोणीस दिवस झाले होते. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला, तर ते पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता असते. उशीर झाला, तरी व्यवहाराचा क्रमांक, पावती आणि संदेशांची छायाचित्रे घेऊन तक्रार करावीच. माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही अशा साखळीला मनाई आहे, ही माहिती मला पोलीस ठाण्यातच मिळाली. आमच्या गटातील सहाजणींनी मात्र लोक हसतील म्हणून तक्रार दिली नाही, आणि त्या तरुणाला नेमके तेच हवे असणार.

विहीणबाई अजूनही माझ्याशी मोजकेच बोलतात. ताईंचे ७,९०० रुपये मी तीन हप्त्यांत परत करू लागले, तर त्यांनी पहिला हप्ता घेऊन उरलेल्याला नकार दिला; ‘काकू, तुम्हीपण बुडालाच की,’ असे त्या म्हणाल्या. बँड त्या घड्याळ म्हणून वापरतात. परवा पोळ्या लाटून झाल्यावर त्यांनी पिठाचे मनगट माझ्यापुढे धरले. साडेदहा वाजले होते, आणि ओट्यापाशी एका जागी उभे राहून केलेल्या तेवीस पोळ्यांची १,१४० पावले झाली होती.