मानेचं फ्यूजन: पुढून की मागून?

मानेच्या तीन-चार लेव्हलना (मणक्यांमधल्या जागांवर) मज्जारज्जू दाबला गेलाय, फ्यूजन म्हणजे मणके एकमेकांना जोडणं करावं लागेल, आणि ते पुढूनही करता येईल नि मागूनही, असं सर्जननी सांगितलं की घरात पहिला प्रश्न निघतो: जास्त यशस्वी कुठलं? माझ्या मते या प्रश्नाने निवड सुटत नाही. दाब दोन्हींत निघतो. निवडायचं असतं ते नंतरचं दुखणं.

पुढून करताना गळ्यावर छेद घेऊन अन्ननलिका-श्वासनलिका बाजूला सारतात, मणक्यांमधल्या झिजलेल्या गाद्या काढतात, तिथे हाड किंवा केज (छोटी पोकळ पेटी) बसवून वर प्लेट लावतात. मागून करताना मानेचे स्नायू सोडवून मणक्यांच्या मागच्या हाडाच्या कमानी काढतात आणि दोन्ही बाजूंना स्क्रू-रॉड घालतात.

अमेरिका-कॅनडातल्या १५ हॉस्पिटलांमध्ये १६३ रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून पुढून नि मागून केलेल्या ऑपरेशनांची तुलना झाली. २०२१ साली ती 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वर्षभरानंतर शारीरिक क्षमतेत दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. गुंतागुंत मात्र पुढून केलेल्या गटात ४८ टक्के, मागून केलेल्यात २४. हे आकडे बघून 'मग मागूनच करू' म्हणायची घाई नको. पुढच्या गटातला मोठा हिस्सा गिळायला त्रास होण्याचा होता: ४१ टक्के, मागच्यात शून्य. नव्याने नस कमजोर होण्याचं प्रमाण उलट: पुढून २ टक्के, मागून ९.

गिळण्याचा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, तोवर मऊ भात नि पेज. काहींचा रेंगाळतो. आवाजही घोगरा होऊ शकतो. कीर्तनकार, शिक्षक, वकील यांनी हे आधीच स्पष्ट विचारावं. मागून केल्यावर मानेचे स्नायू जास्त दुखतात, जखमेत जंतुसंसर्गाची भीती अधिक, आणि क्वचित खांद्याची ताकद जाते. केस विंचरायला हात वर जात नाही. ती बहुतेकदा परत येते, पण महिने लागतात.

मान किती वळेल? लोकांना वाटतं त्याहून जास्त. मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधल्या सांध्यात होतं, आणि तो सांधा या ऑपरेशनांत सहसा मोकळाच राहतो. वर-खाली वाकणं कमी होतं ते जास्त खटकतं: माळ्याकडे बघताना, जिना उतरताना पायाखालची पायरी शोधताना.

पुढून जितक्या लेव्हल वाढतात तितकी एखाद्या लेव्हलचं हाड न जुळण्याची शक्यता वाढते. निकोटीन जुळण्याच्या आड येतं, आणि मिश्रीतही निकोटीनच असतं, हे आपल्याकडे घरातल्या बायकांना कुणी विचारतच नाही.

हातातली आग आणि कळ पुष्कळदा चांगली कमी होते. नुसती मान दुखते म्हणून एवढं मोठं फ्यूजन करायला मी तरी दहा वेळा विचार करेन. बटणं लावता न येणं, पायातून चप्पल निसटणं, चाल डगमगणं ही मज्जारज्जूची लक्षणं. तिथे पहिलं उद्दिष्ट घसरण थांबवण्याचं. सुधारणा बऱ्याच जणांत होते, पण फार उशीर झालेला असेल तर बोटांचा बधिरपणा राहून जातो.

तिसरा पर्यायही विचारा: लॅमिनोप्लास्टी. जपानमध्ये १९७०च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीत कमानी दारासारख्या उघडतात, मणके जोडत नाहीत. वरच्याच अभ्यासात मागून केलेल्या गटातल्या काहींची हीच झाली होती आणि तिचे निकाल उजवे दिसले, पण ती कुणाला करायची हे चिठ्ठीने नव्हे, सर्जननी ठरवलं होतं. म्हणून तो निष्कर्ष जपून घ्यावा. मान पुढे झुकून बाक आला असेल तर ती सहसा बसत नाही; तेव्हा बहुतेकदा पुढूनच जावं लागतं. हा बाक आडवं झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये नीट कळत नाही. उभं राहून, बाजूने काढलेला साधा एक्स-रे फाइलमध्ये आहे का ते बघा. पुढून की मागून याचा अर्धा निकाल त्यातच असतो.