परागंदा राणी: ओडन्स फोर्डची की पन्हाळ्याची?

दहावीची परीक्षा संपल्यापासून माझी भाची गादीवर पालथी पडून वाचते आहे. मैत्रिणीकडून आणलेला एका इंग्रजी फँटसी मालिकेचा पहिला भाग तिने संपवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, "मामा, दुसरा भाग पाहिजे. दोन दिवसांत संपवतो मी." (कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल 'संपवतो'च म्हणतात, बाहेरगावच्यांनी मुद्रणदोष समजू नये.) मागून ताईचा आवाज, "पैसे घालायचेच तर ताराराणीचं पुस्तक आण. तीही राज्य गेलेली राणीच की!" निवाडा माझ्यावर आला. दोन्ही पुस्तकं माझी वाचून झालेली आहेत, त्यामुळे सुटका नव्हती.

भाचीला हवं होतं ते सिंडा विल्यम्स चिमा यांचं 'द एक्झाइल्ड क्वीन'. 2010 सालचं, 'सेव्हन रेल्म्स' या चार भागांच्या मालिकेतलं दुसरं. ताईच्या मनात होतं ते डॉ. जयसिंगराव पवारांचं 'महाराणी ताराबाई'. एक कादंबरी, एक इतिहास. खरं तर या दोन पुस्तकांची तुलना करूच नये. पण घरात प्रश्न असाच पडतो, कारण सुट्टी एकच असते आणि मामाचं पाकीटही एकच.

आधी कादंबरीच्या नावाचा हिशेब. त्यातली रायसा ही राणी नाही. गादीवर तिची आई बसलेली आहे, ही फक्त वारस. आणि तिला कुणी हद्दपारही केलेलं नाही. आईने तिचं लग्न एका जादूगार घराण्यातल्या मुलाशी उरकायला घेतलं, म्हणून पहिल्या भागाच्या शेवटी पोरगी स्वतःच निघून गेली. मराठीत याला नेमका शब्द आहे, परागंदा. तेव्हा कव्हरवरचं नाव बघून सिंहासन गमावलेली, सूडाने पेटलेली राणी भेटेल असं समजून पुस्तक घेतलंत, तर पहिल्या शंभर पानांतच चुकचुकाल. भेटते ती जेमतेम भाचीच्या वयाची, खोट्या नावाने लष्करी शाळेत भरती झालेली मुलगी.

पण पुस्तकाची गंमत त्या शाळेतच आहे. ओडन्स फोर्ड हे विद्येचं गाव. भोवती राज्याराज्यांत मारामाऱ्या चालू असताना गावाच्या हद्दीत मात्र तह पाळायचा. रायसा तिथे रिबेका मॉर्ले या नावाने राहते, पहाटे उठून कवायत करते, हाताखाली माणसं नसताना जगायला शिकते. राजवाड्यात ज्याची तिला गरजच पडली नव्हती ते सगळं इथे अंगावर येतं. त्याच गावात हान अ‍ॅलिस्टरही येतो, एकेकाळचा गल्लीतल्या टोळीचा म्होरक्या, आता जादू शिकणारा. त्याला मोठ्या लोकांत वावरायच्या रीतीभाती शिकायच्या असतात आणि शिकवणी लावतो तो नेमकी या 'रिबेका'कडे. समोर बसलेली बाई कोण आहे हे त्याला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. काटा कुठला, चमचा कुठला, कुणासमोर किती वाकायचं, असल्या साध्या गोष्टींवर ती प्रकरणं उभी आहेत, आणि लढायांच्या पानांपेक्षा मला तीच जास्त आवडली.

एक सांगून ठेवतो. प्रकरणं हान आणि रायसा यांच्यात वाटलेली आहेत, त्यामुळे राणीसाठी पुस्तक उघडणाऱ्याला बराच वेळ या टोळीवाल्याच्या मागे फिरावं लागतं. शिवाय हा मधला भाग. मधल्या भागाची खोड याही पुस्तकाला आहे. बरंच काही सुरू होतं, फार थोडं संपतं, आणि शेवट वाचकाला अर्ध्या घाटात उतरवून एसटी पुढे निघून जावी तसा. म्हणजे तिसरा भाग घ्यावा लागणार, हे मामांनी आजच धरून चालावं. पहिला भाग न वाचता हा हातात घेऊच नये, नावं आणि घराणी डोक्यावरून जातील. इंग्रजी मात्र अवघड नाही.

आता ताईची राणी. तिच्याबाबतीत अडचण उलटी आहे. कव्हरवर साधं नाव आहे, आणि आत मात्र कादंबरीवाल्याला सुचणार नाही इतकं घडतं.

ताराबाई हंबीरराव मोहित्यांची लेक, जन्म 1675 चा. 1700 साली सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा वय पंचवीस, पदरात चार वर्षांचा मुलगा. त्याला गादीवर बसवून पुढची सात वर्षं बाईंनी औरंगजेबाला झुंजवलं. बादशहा जातीने एकेक किल्ला घ्यायचा, त्याची पाठ वळली की मराठे तो परत घ्यायचे. इथे मी भाचीला थांबवून दाखवलेला फरक असा: रायसाच्या राज्यात गादी आईकडून मुलीकडेच जाते, तसा कायदाच. ताराबाईंना मात्र सगळा कारभार स्वतः करूनही शिक्का मुलाच्या नावाचा वापरावा लागला.

आणि हद्दपारी? 1707 साली शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू पडली, सातारा गेला. बाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, ती पुढे आपली कोल्हापूरची गादी. तिथेच 1714 मध्ये सवतीने, राजसबाईंनी, डाव उलटवला. स्वतःच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवून ताराबाईंना लेकासकट कैदेत टाकलं. तो लेक 1726 मध्ये कैदेतच गेला. 1730 मध्ये शाहूंनी संभाजीचा पराभव केल्यावर बाई साताऱ्याला गेल्या, त्या 1761 मध्ये मरेपर्यंत तिथेच. रायसा शाळा शिकून परत जायची वाट बघते. ताराबाई 1714 पासून धरलं तर सत्तेचाळीस वर्षं.

एवढ्यावर बाई थांबत नाहीत, हे महत्त्वाचं. शाहूंना मुलगा नव्हता, तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, माझा एक नातू लहानपणापासून लपवून वाढवलाय. तो रामराजा 1749 मध्ये छत्रपती झाला. पुढच्याच वर्षी तो ऐकेना म्हणून त्यालाच त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, हा माझा नातूच नव्हे! कुठल्या फँटसीत असली कलाटणी असती तर आपण म्हटलं असतं, लेखकाने जरा अतीच केलं.

मग पवारांचंच का घेतलं नाही, तर ते इतिहासाचं पुस्तक आहे. पत्रं, तह, सरदारांच्या फितुऱ्या, एकाच नावाचे दोन शिवाजी आणि दोन संभाजी. सोळाव्या वर्षी सुट्टीत पालथं पडून वाचायचं ते नव्हे. शेजारी वंशावळ काढलेला कागद ठेवून, जरा नेटाने वाचायचं. आणि कुणीतरी एकदा पन्हाळ्यावर न्यायला हवं. ताराराणीच्या वाड्यासमोर उभं राहिल्यावर 1714 हा आकडा राहत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा झाला. पहिला भाग ज्याने वाचलाय, त्याला दुसरा विकत घेऊन द्यावा, लगेच, भूक आहे तोवर. ज्याने मालिका सुरूच केलेली नाही आणि ज्याला राज्य गमावणं म्हणजे काय ते वाचायचंय, त्याने सरळ ताराबाईंकडे जावं. चार भागांचे पैसेही वाचतील. ताईला हा निवाडा पटला नाही. "म्हणजे परत तिचंच खरं," म्हणाली. मग मी करवीर नगर वाचन मंदिरातून माझ्या नावावर पवारांचं पुस्तक आणून भाचीच्या टेबलावर ठेवलं, काही न बोलता.

परवा तिला गाडीवरून सोडायला निघालो होतो. कावळा नाक्याला सिग्नल लागला. ती घोड्यावरच्या ताराराणीकडे बघत होती. हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न सुरू केले, आणि कानाशी आवाज आला, "मामा, शपथ घेतली ते ठीक, पण तो रामराजा खरा होता की खोटा?"

"कितव्या पानावर आहेस?"

"मधलंच उघडलं. सुरुवातीपासून वाचतो आता."