आठ महिने एमफॅक्टसी: मर्सेन संख्यांचे अवयव शोधताना

नोव्हेंबरात सुरू केलं, आता जुलै संपत आला. या आठ महिन्यांत मर्सेन संख्यांचे अवयव शोधणारा एमफॅक्टसी हा प्रोग्राम माझ्याकडे जवळपास रोज रात्री आठ-दहा तास चालला आहे. मूळ संख्यांची ओढ असेल आणि घरी एनव्हिडियाचं एखादं ग्राफिक्स कार्ड रिकामं बसून असेल, तर हे वाचा.

आधी थोडक्यात विषय. २च्या घातातून १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. ती मूळ असायची तर घातांक मूळ हवाच, पण घातांक मूळ आहे म्हणून संख्या मूळ असेलच असं नाही. ११ मूळ आहे, आणि २^११ − १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये 'जिम्प्स' हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर अशा मूळ संख्या शोधतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. बातमी होते ती अशा शोधाची. त्याआधी लाखो घातांक अवयव दाखवून बाद करावे लागतात, ते काम आमचं.

मी मुद्दाम ३३ कोटींच्या पुढचे घातांक घेतले. घातांक ३३ कोटी २२ लाखांच्या आसपास पोचला की संख्येत १० कोटी अंक होतात, आणि एवढी मोठी मूळ संख्या पहिल्यांदा शोधणाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे. अशा एका संख्येची पूर्ण चाचणी माझ्या कार्डावर आठवडेच्या आठवडे घेईल. अवयव सापडला की ती चाचणी कुणालाच करावी लागत नाही. शिवाय घरगुती कार्डं लांब दशांशांच्या आकडेमोडीत मंद आणि पूर्णांकांच्या कामात तेज असतात, म्हणून हे काम त्यांना नेमकं मानवतं.

काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. घातांक प असेल तर प्रत्येक अवयव २ × क × प + १ याच साच्यात बसतो (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या), आणि त्याला ८ने भागलं की बाकी १ किंवा ७च उरते. प्रोग्राम कच्या किमतींचे ४६२० गट करतो. ज्या गटांतून येणाऱ्या संख्यांना ३, ५, ७ किंवा ११ने भाग जातो किंवा ज्या आठाच्या नियमात बसत नाहीत, ते गट काढले की ९६० उरतात. पाचातले जवळजवळ चार भाग हात न लावताच बाद. पडद्यावर हे ९६० गट एकामागून एक सरकताना दिसतात. मी बहुतेक ७६ ते ७७ बिटांची कामं घेतली, म्हणजे २^७६ ते २^७७ मधल्या, २३-२४ अंकी अवयवांचा पट्टा. माझ्या कार्डावर अशा एका कामाला तासाच्या आतबाहेर वेळ लागतो. पुढच्या बिटाला वेळ दुप्पट.

७७ कामांत साधारण एकदा अवयव सापडावा असा अंदाज असतो. माझी १,२१२ कामं झाली, त्यात १४ अवयव मिळाले. अंदाजापेक्षा एक-दोन कमीच. जानेवारीत सलग तीन आठवडे काहीच हाती लागलं नाही तेव्हा मी खरंच खचलो होतो. कार्डात बिघाड असेल म्हणून प्रोग्रामची स्वतःची तपासणी पुन्हापुन्हा चालवली, ती दर वेळी बरोबर आली. 'अवयव नाही' हेही उत्तरच आहे, हे मला पटायला वेळ लागला. फरक इतकाच की ते उत्तर तपासायचं तर सगळं काम नव्याने करावं लागतं, आणि सापडलेला अवयव कुणीही तपासू शकतो.

आता अडचणी. याला खिडकी, बटणं काही नाही. काळा पडदा, कामांची एक फाइल, सेटिंगची एक फाइल, आणि मी वापरतो त्या आवृत्तीत निकाल आपणच उचलून पाठवायचा. कार्डाचा ड्रायव्हर आणि प्रोग्रामची आवृत्ती जुळवण्यात माझा पहिला रविवार गेला. कार्ड जुनं, वापरलेलं घेतलं होतं. फेब्रुवारीत त्याचा एक पंखा अडकला आणि तापमान ८८ अंशांवर गेलं. पंखा बदलला, आणि तेव्हापासून विजेची मर्यादा १२० वॉटवर बांधून ठेवली आहे. दहा तासांचे १.२ युनिट, महिन्याला ३६. घरचा वापर शंभर युनिटांच्या आत असेल तर हिशेब आधी करा, कारण ती पायरी ओलांडली की दर चढतो. जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात दिवसा चालवायचा विचारही करू नका. वीज जाण्याची मात्र भीती नाही. प्रोग्राम झालेलं काम वरचेवर नोंदवून ठेवतो आणि वीज आल्यावर जवळपास तिथूनच पुढे सुरू होतो.

या आठ महिन्यांतलं सगळ्यात मोठं सुख मला अण्णांमुळे मिळालं. अण्णा, म्हणजे वडील, शाळेत गणित शिकवायचे. पहिला अवयव सापडला तेव्हा त्यांनी विचारलं, "अरे, दहा कोटी अंकांच्या संख्येला याने भाग जातो हे खरं कशावरून? ती संख्या तर तू लिहूनही काढू शकणार नाहीस."

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून २३ आणि ४७ घेतले. २३ द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिले तर, १०१११. १पासून सुरुवात करायची. डावीकडून प्रत्येक अंकागणिक हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, अंक १ असेल तर दुप्पट करायची, आणि ४७ने भागून बाकी ठेवायची. १चा वर्ग १, दुप्पट २. मग ४. मग १६, दुप्पट ३२. ३२चा वर्ग १०२४, बाकी ३७, दुप्पट ७४, म्हणजे २७. २७चा वर्ग ७२९, बाकी २४, दुप्पट ४८, म्हणजे १. बाकी १ आली, म्हणजे २^२३ − १ला ४७ने नि:शेष भाग जातो.

अण्णा बराच वेळ पान बघत बसले. मग म्हणाले, "तुझ्या त्या मोठ्याला किती पायऱ्या?" मी म्हटलं, "२९."

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. पहिल्या सहा पायऱ्या तोंडी झाल्या, पुढच्या २३ पायऱ्यांत जवळजवळ दर वेळी २२-२३ अंकी संख्येचा वर्ग आणि लांबलचक भागाकार. रोज एक पायरी, सकाळच्या चहानंतर. मी त्यांना गणितज्ञ फ्रँक कोल यांची गोष्ट सांगितली. २^६७ − १ मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ ल्यूकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं होतं, पण अवयव कुणाला ठाऊक नव्हते. कोल यांनी ते १९०३ मध्ये फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले असं ते म्हणाल्याचं सांगतात. अण्णा म्हणाले, "मला तर रोजच रविवार आहे."

सतराव्या पायरीला घोळ झाला. मी रोज त्यांची बाकी संगणकावर पडताळत होतो, ती जुळेना. अण्णांनी मला कुठला अंक चुकला ते सांगू दिलं नाही. नवाचा ताळा त्यांनी केलेला होता आणि तो जुळतही होता, कारण उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली होती आणि अंकांची बेरीज तीच राहिली होती. ती सापडायला दोन सकाळी गेल्या. त्या दिवसापासून ते अकराचा ताळाही करू लागले.

महिन्याभराने शेवटची पायरी आली. २९वा वर्ग, भागाकार, बाकी लिहिली आणि दुप्पट करण्याआधीच त्यांनी पेन खाली ठेवलं. ती बाकी अवयवाच्या निम्म्याहून फक्त अर्ध्याने जास्त होती. मला जवळ बोलावून त्यांनी त्या २३ अंकांखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला २४!"