व्यापारी असोसिएशनची मेंबरशिप, वर्गणी भरावी का?

पुण्यात आमचं किराणा दुकान आहे आणि आमच्या भागातल्या व्यापारी असोसिएशनचे आम्ही जुने मेंबर. नवीन दुकान टाकलं की लोक हमखास विचारतात, ताई वर्गणी भरू का, मिळतं काय त्यातून, स्नेहसंमेलन आणि कॅलेंडर एवढंच ना? माझं म्हणणं, भरा. पाचपैकी चार स्टार देईन, एक का कापला तेही सांगते.

खरं काम म्हणजे सरकारदरबारी आपली बाजू मांडणं, आणि ते एकट्या दुकानदाराला जमतच नाही. २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. २३ मार्चला अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू, पहिल्यांदाच सापडलात तर ५ हजार. भाजीच्या पातळ पिशव्या बंद झाल्या ते चांगलंच झालं, पण आम्ही साखर, रवा, डाळ अर्धा-एक किलोची पाकिटं भरून ठेवतो त्याचं काय? ऐन पावसाळा, कागदात बांधलेली साखर दोन दिवसात ओली होते, रव्यात अळ्या होतात. पथक दारात आलं की हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. आमच्या सेक्रेटरींनी भाषण-बिषण काही न करता दोन पाकिटं भरली, एक कागदाचं एक प्लास्टिकचं, आठवडाभर तशीच ठेवली आणि मग साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. असाच रेटा राज्यभरातल्या संघटनांनी लावला होता आणि जून संपायच्या आत सरकारने किराणा पॅकिंगला सूट जाहीर केली, ५० मायक्रॉनपेक्षा जाड पिशवी चालेल, पण वापरलेली परत गोळा करायची सोय हवी. मला ही अट पण योग्यच वाटते.

दुसरा अनुभव पार्किंगचा. आमच्या रस्त्यावर नो पार्किंग करायचा प्रस्ताव आला, त्यावर ठराविक मुदतीत लेखी हरकती मागवल्या होत्या. ही मुदत गेली की मग कितीही बोंबला, ऑर्डर निघालेली असते. बऱ्याच दुकानदारांना तर असं काही निघालंय हेच माहीत नव्हतं, असोसिएशनच्या ग्रुपवर आलं म्हणून कळलं. हरकत लिहिताना 'व्यापाऱ्यांवर अन्याय' वगैरे न लिहिता कुठल्या दुकानात किती वाजता टेम्पो येतो, माल उतरवायला किती वेळ लागतो, शाळा सुटायची वेळ कोणती, असा तक्ता करून दिला. सकाळची लोडिंगची वेळ मिळाली. संध्याकाळचं पार्किंग गेलं ते गेलंच, पण निदान माल तरी दारात उतरतो.

आता असोसिएशनवाले जिथे कमी पडले ते. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. त्याआधी १६ जुलैला बंद पाळला, निवेदनं दिली, सगळं झालं. पण निवेदन कोणाला? नगरसेवक, आमदार, फोटो काढला, संपलं. जीएसटीचा दर ठरतो जीएसटी कौन्सिलमध्ये, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या परिषदेत, तिथे मतांचं वजन केंद्राचं एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे आपल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांच्या टेबलावर आपला कागद वेळेत पोचणं हाच खरा मार्ग, आणि तिथवर स्थानिक असोसिएशन एकटी पोचत नाही, शहराची संघटना, मग महाराष्ट्र चेंबर ही राज्याची व्यापार-उद्योग संघटना, असं वर वर जावं लागतं. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये चेंबर काढलं ते ह्यासाठीच ना, सुटा सुटा आवाज मुंबई-दिल्लीत ऐकू जात नाही म्हणून.

आणि जास्त लागलं ते वेगळंच. कर २५ किलोपर्यंतच्या पॅकवर होता, वरच्या पोत्यावर नाही. होलसेलवाल्यांनी २६ आणि ३० किलोची पोती काढली, त्यांची अडचण बरीचशी सुटली आणि कार्यकारिणीतला जोर पण तिथेच संपला, कारण कार्यकारिणीत सगळे मोठे. आमचं गिऱ्हाईक ५-१० किलोचं पॅक नेणारं, ते पोतं घेऊन ठेवणार कुठे, आम्ही पोतं फोडून सुटं तोलून देत बसलो. छोट्या दुकानदाराची अडचण वेगळी असते ही गोष्ट त्या निवेदनात एका ओळीने पण नव्हती. कापलेला स्टार ह्याचा. मीटिंगा रात्री साडेनऊला ठेवतात, दुकान चालवणाऱ्या बायका त्या वेळेला घरचं सोडून येणार कशा, मग आमचं म्हणणं कागदावर येणार तरी कुठून? दुपारी दोन ते चार मार्केट तसंही थंड असतं, तेव्हा मीटिंग घ्या असं मी लेखी दिलंय.

तुमच्या भागातली असोसिएशन कशी आहे हे बघायचं असेल तर वर्गणीची पावती फाडायच्या आधी ऑफिसात जाऊन गेल्या वर्षीची निवेदनांची फाइल मागा. प्रत्येक प्रतीवर सरकारी ऑफिसचा आवक शिक्का आणि नंबर आहे का, पुढे विचारणा केल्याचं दुसरं पत्र लावलंय का ते बघा. नुसते हार-तुऱ्यांचे फोटो दाखवले तर पैसे देऊ नका, आणि फाइल जाड असेल तर नुसती वर्गणी भरून थांबू नका, कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभे राहा, छोटे दुकानदार तिथे हवेत.