एक्सप्रा: जोडणी तुटली तरी प्रोग्राम चालू

एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) दूरच्या लिनक्सवरचा ग्राफिकल प्रोग्राम उघडायला साधं एक्स११ फॉरवर्डिंग, म्हणजे लिनक्सच्या खिडक्या आपल्या पडद्यावर आणणं, पुरतं, पण नेटवर्क तुटलं की प्रोग्रामही मरतो. एक्सप्रा हे साधन नेमकं हेच टाळतं. ते सर्व्हरवर आभासी डिस्प्ले उभा करून प्रोग्राम तिथेच चालवतं आणि आपल्याकडे खिडकीचं चित्र आकाराने लहान करून (कॉम्प्रेस करून) पाठवतं. पुन्हा ‘अटॅच’ केलं, म्हणजे त्या सत्राला जोडून घेतलं, की काम होतं तिथूनच पुढे. संथ लाइनवर तर फरक लगेच जाणवतो, कारण एक्स११मध्ये बारीकसारीक गोष्टींसाठीही उत्तराची वाट पाहावी लागते.

एक्सप्रा सहसा दोन्ही टोकांना बसवावं लागतं. लिनक्स वितरणाच्या भांडारातली (रिपॉझिटरीतली) आवृत्ती बरेचदा जुनी असते. दोन्हीकडे शक्यतो सारखीच ठेवा. आधी एक्सटर्म हा साधा टर्मिनल प्रोग्राम उघडून बघा. तो दिसला आणि तुमचा प्रोग्राम दिसला नाही, तर दोष बहुधा प्रोग्रामकडे. प्रोग्राम बंद केल्यावरही सत्र मागे उरतं, म्हणून ‘एक्सप्रा लिस्ट’ पाहून नको ते ‘स्टॉप’ करा. जड त्रिमितीय कामाला मात्र हे निराश करतं: ओपनजीएल (त्रिमितीय चित्रणाची प्रणाली) सहसा ग्राफिक्स कार्डाऐवजी सीपीयूवरच चालतं.

एक्सप्रा बसवायची परवानगीच नसेल, तर साधं एक्स११ फॉरवर्डिंगच (ssh -X) वापरा; ते चालत नसेल, तर सर्व्हरवर डिस्प्ले चल (DISPLAY) तपासा. रिकामा असेल, तर बहुधा सर्व्हरवर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा एक्सऑथ (परवानगीची कुकी सांभाळणारा प्रोग्राम) नाही. सुडोने दुसरा वापरकर्ता झाल्यावरच नकार येत असेल, तर त्या नव्या वापरकर्त्याकडे ती कुकी नाही. वीस मिनिटांनी नव्या खिडक्या उघडेनाशा झाल्या, तर ती एसएसएचच्या मोठ्या एक्स पर्यायाची (-X) मुदत. विश्वासातल्या सर्व्हरसाठी मोठा वाय (-Y) वापरा.