छतावरचा फोर-जी राऊटर आणि वायफाय कॉलिंग : भंडारदऱ्याच्या होमस्टेत काजव्यांचा सीझन आणि अख्खा पावसाळा वापरून

आमचा होमस्टे भंडारदरा धरणाच्या रिंगरोडवर आहे. समोर पाणी, मागे डोंगर, आणि त्या डोंगराच्या आडोशाला आम्ही. त्यामुळे ओट्यावर कशीबशी एक काडी रेंज, खोलीत तीही नाही. पाहुणे गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायचे, "दादा, रेंज कुठे येते?" आणि आम्ही रस्त्याच्या वळणाकडे बोट दाखवायचो. त्यांचं एक वेळ ठीक, सुट्टीवरच आलेत. पण बुकिंगचा फोन आपल्याला लागला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या टेंटवाल्याकडे जातं. निघताना यूपीआयचं चक्र फिरत बसलं की पाहुणाही अवघडतो आणि आपणही.

मार्चअखेर छतावर फोर-जी राऊटर बसवला, आता दिवाळी होऊन गेली. विचारणारे बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी रेंज वाढवणाऱ्या बूस्टरचं बोलू, कारण सगळ्यात पहिला सल्ला तोच मिळतो. घेऊ नका. मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर लावायचा अधिकार फक्त परवानाधारक टेलिकॉम कंपन्यांना आहे. खाजगी माणसाने तो विकणं, बाळगणं, वापरणं बेकायदा आहे, असं दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय. कायदा बाजूला ठेवला तरी स्वस्तातला बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि तो गोंगाट टॉवरपर्यंत पोचून गावातल्या सगळ्यांचेच कॉल बिघडवतो.

मी घेतला तो सिम टाकायचा आउटडोअर राऊटर. अँटेना त्याच्या डब्यातच असते. डबा छतावरच्या पाइपला बांधायचा, खाली एकच इथरनेट केबल आणायची, वीजही त्याच केबलमधून वर जाते. वेगळी अँटेना लावून काळी कोॲक्स केबल (टीव्हीच्या डिशला असते तशी) घरात आणणारेही आहेत, पण ती बारीक केबल दहा-पंधरा मीटर झाली की अँटेनाने मिळवलेलं सगळं वाटेतच संपतं. इथरनेट १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. राऊटर, केबल, पाइप आणि छोटा यूपीएस धरून नऊ-दहा हजारांत काम झालं.

खरी मेहनत दिशा लावण्याची. जवळपास टॉवर कुठे आहेत ते सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर नकाशात दिसतं, तिथून अंदाज घेतला. मी पत्र्यावर, पुतण्या खाली मोबाइलमध्ये राऊटरचं पान उघडून आकडे ओरडतोय : "काका, एकशे चौदा... एकशे नऊ... एकशे दोन... आता परत एकशे अकरा, मागे घ्या!" हा आरएसआरपीचा, म्हणजे सिग्नलच्या जोराचा आकडा, उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ११५ ला फोन जीव धरून असतो, उणे ९५ ला काम भागतं. डबा बोटभर फिरवला तरी आकडा हलतो. शेवटी सगळ्यात चांगला आकडा डोंगराच्या बाजूला नाही, पाण्याच्या बाजूला मिळाला. टॉवर तिकडे लांब आहे, पण मध्ये जलाशय असल्याने नजर थेट जाते.

तरी नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. शेजारी एसआयएनआर दिसतो, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे ते. आमच्याकडे ८५० मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, डोंगराला वळसा घालून जोरात येतो, पण त्याची रुंदी कमी, आणि सगळा गाव त्यावरच. २३०० चा सिग्नल अशक्त, पण मोकळा. राऊटरमध्ये तोच बँड पक्का केल्यावर वेग बराच सुधारला.

आता ज्यासाठी हा खटाटोप, ते वायफाय कॉलिंग. राऊटरमधलं सिम कोणत्याही कंपनीचं असो, पाहुणा आपल्या नेहमीच्या नंबरवरून, आपल्याच सिमने, वायफायवरून साधा कॉल करू शकतो. वेगळं ॲप नाही, वेगळे पैसे नाहीत. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये, तरी निम्म्या पाहुण्यांना ते आपल्या फोनमध्ये आहे हेच माहीत नसतं. एक अडचण नेहमीची : काठावरची एक काडी दिसत असेल तर फोन तिलाच चिकटून बसतो. मग फ्लाइट मोड लावायचा आणि वायफाय तेवढं परत चालू करायचं. बॅटरीही टिकते, कारण फोन टॉवर शोधत बसत नाही. बँकेचे ओटीपी बहुतेक फोनवर असेच येतात, काहींवर येत नाहीत. त्यांच्यासाठी रस्त्याचं वळण अजून आहेच.

मेअखेर ते जूनमध्ये काजव्यांचे शनिवार आले आणि सगळी हुशारी उतरली. शेकडो गाड्या रिंगरोडवर, आणि प्रत्येकाला त्याच रात्री व्हिडिओ चढवायचा. टॉवरच तुंबला तर छतावरचा राऊटर काय करणार? एवढंच केलं की पाहुण्यांचं वायफाय वेगळं करून प्रत्येक फोनला २ एमबीपीएसची मर्यादा घातली. कॉलला शंभरेक केबीपीएस पुरतात, त्यामुळे बोलणं चाललं, रील अडकल्या. दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं. माझी त्याला हरकत नाही.

पावसाने रेंज जाते असं आपण म्हणतो, पण या फ्रिक्वेन्सीवर पावसाच्या थेंबांनी फार काही बिघडत नाही. बिघडवतं ते जोडात शिरलेलं पाणी आणि गेलेली लाइट. जोडांना स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळतं. अख्ख्या पावसाळ्यात जोड कोरडे राहिले. मेच्या वळवात मात्र वीज पुरवणारा अडॅप्टर जळला, राऊटर वाचला. तेव्हापासून गडगडाट सुरू झाला की आधी पिन काढतो. वानरांनी एकदा केबल ओढली, आता ती पाइपातून घेतलीय.

लाइटचं मात्र उत्तर नाही. यूपीएस तीन-चार तास ओढतो, पण तोवर टॉवरची बॅटरीच बसते. जुलैत असे दिवस गेले की राऊटर चालू, वायफाय फुल, आणि नेट शून्य.

पेमेंटचा स्पीकर अजून मुकाच आहे. आमच्याकडचा स्वतःच्या सिमवर चालतो, वायफायचा त्याला उपयोग नाही. पैसे आले का ते ॲपमध्येच बघतो.

सरकारी निधीतून उभारलेला टॉवर तुमच्या गावात असेल तर खर्च करण्याआधी एक करून बघा. १७ जानेवारी २०२५ पासून अशा टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांपैकी कोणतंही सिम चालायची सोय सुरू झालीय. फोनमधली नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' ठेवा. आणि फायबर दारापर्यंत येत असेल तर राऊटरचा विचारच सोडा, वायफाय कॉलिंग त्यावर जास्त चांगलं चालतं.

बुकिंग पक्कं झालं की पाहुण्यांना आता एक मेसेज जातो : घरून निघायच्या आधी फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा, आणि सांदण दरीत उतरणार असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, तिथे यातलं काहीच चालत नाही.